खडकावर राहणे म्हणजे एका कुळातले असणे नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सातपुड्यातल्या खडकपालीवर चित्रासह टिपण आले. इंदूरच्या मराठी वाचकांपुढे हा विषय आला याचा आनंद आहेच. पण त्यातली तीन विधाने दुरुस्त झाली नाहीत, तर तीच पुढे मुलांच्या प्रकल्पवह्यांत उतरतील. खडकांवर राहणारे सगळे सरडे आणि पाली एकाच ‘खडक-सरडा’ कुळातल्या, असे पहिले विधान. हे कुळ मूळचे अरबस्तानातले असून काफिल्यांबरोबर इकडे आले, हे दुसरे. आणि चित्राखालची ‘विषारी खडकपाल’ ही ओळ, हे तिसरे. तिन्ही चुकीची आहेत. पहिल्या चुकीतून बाकीच्या दोन आपोआप निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

खडकावर दिवस काढायचे तर शरीराला काही गोष्टी लागतातच. फटीत शिरता येईल असे चपटे अंग, उभ्या कड्यावर धरून राहणारी बोटे, दगडाच्या रंगात मिसळणारी पाठ, आणि सकाळच्या उन्हात लवकर तापून दुपारच्या आत सावली गाठण्याची सवय. या गरजा जगभर सारख्याच. त्यामुळे प्रत्येक खंडात निरनिराळ्या कुळांतल्या प्राण्यांनी जवळजवळ तेच रूप घेतले आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटातला चकवाला हा इग्वानाच्या कुळातला. तो फटीत शिरून छाती फुगवतो आणि स्वतःला दगडात असा अडकवून घेतो की ओढून निघत नाही. दक्षिण आफ्रिकेतले प्लॅटिसॉरस हे पट्टीसारखे चपटे सरडे कॉर्डिलिडी कुळातले. कॉकेशस पर्वतातले डारेव्स्किया हे लॅसर्टिडी कुळातले. आपल्याकडचा खडक-सरडा अगॅमिडी कुळातला, आणि दगडाच्या कपारीतल्या पाली गेकोनिडी कुळातल्या. चित्रातला प्राणी तर आणखी वेगळ्या, युब्लेफॅरिडी कुळातला आहे. त्याच्याकडे पुढे येतोच. ‘खडक-सरडा’ हा पत्ता आहे, आडनाव नव्हे. एका वाड्यातले भाडेकरू जसे भाऊबंद ठरत नाहीत, तसेच हे.

शब्दांचाही घोळ आहे, आणि इंदुरात तो जास्त होतो. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘प्रजाति’ म्हणजे एकेक वेगळी जात. मराठी विश्वकोशात मात्र प्रजाती हा वरचा गट असून तिच्यात अनेक जाती येतात. हिंदीवरून मराठीत बातमी करताना ‘प्रजाती’ तशीच उचलली की पायरी चुकते. या पत्रात क्रम असा धरला आहे: कुळ, त्यात प्रजाती, प्रजातीत जाती.

आता आपल्या जवळचे उदाहरण. मध्य आणि पूर्व भारतातल्या खडकांवर, पचमढीच्या वालुकाश्मावरही, जो सरडा दिसतो तो सॅमोफिलस ब्लॅनफोर्डॅनस. विणीच्या दिवसांत नराचे डोके आणि खांदे लालभडक होतात, मागचे अंग काळे पडते. मादी मात्र वर्षभर दगडाच्या रंगाची. त्याचा दक्षिणेकडचा भाऊ सॅमोफिलस डॉर्सॅलिस बेंगळुरूच्या बाजूला शहरातल्या कुंपणांवरही आढळतो. फोटोत दोघे सहज एकमेकांत मिसळतात. पक्की खूण खवल्यांच्या मोजणीत आहे. शरीराच्या मध्यावर एक वळसा घेऊन खवले मोजले तर ब्लॅनफोर्डॅनसचे साधारण ८० ते १०० भरतात, डॉर्सॅलिसचे ११५ ते १५०. मोजताना सर्वांत जास्त चूक तिरके गेल्याने होते. खवले विटांसारखे एकाआड एक बसलेले असतात. ओळ सोडून नजर खालच्या रांगेत उतरली की आकडा वाढतो आणि एका जातीची दुसरी होते. म्हणून पोटाच्या मध्यरेषेवरचा एक खवला खूण धरून निघावे, त्याच खवल्यावर परत यावे, आणि तीनदा मोजून आकडा जुळला तरच लिहावा.

हिमालयातल्या दगडी उतारांवर लॉडाकिया ट्युबरक्युलाटा नावाचा सरडा आहे. तोही अगॅमिडी कुळातला, तोही चपटा, तोही दगडावर मान वरखाली करत बसणारा. साहजिकच हा आपल्या सॅमोफिलसचा सख्खा वाटतो. प्रत्यक्षात तो अगॅमिनी या उपकुळातला असून त्याचे नातेवाईक पश्चिम आशियापासून आफ्रिकेपर्यंत पसरले आहेत. आपला सॅमोफिलस ड्रॅकोनिनी उपकुळातला. बागेतल्या कुंपणावरचा साधा सरडा, म्हणजे कॅलोटिस, त्याच उपकुळात येतो. म्हणजे पचमढीच्या कड्यावरच्या सरड्याचे जवळचे नाते इंदुरातल्या जास्वंदीवर बसणाऱ्या सरड्याशी आहे, कुमाऊंच्या कड्यावरच्या हुबेहूब दिसणाऱ्याशी नाही. ही एक गोष्ट वाचकाच्या मनात ठसली तरी या पत्राचे काम झाले.

पालींच्या बाबतीत हा प्रकार आणखी खोल जातो. भिंतीवर चिकटणारी बोटे पाहून आपण समजतो की हे पालींचे एकच जुने वैशिष्ट्य. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात निघाले की पालींच्या निरनिराळ्या शाखांत ही चिकट बोटे ११ वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाली आणि ९ वेळा नाहीशी झाली. ज्या खुणेवर शंभर-दीडशे वर्षे वर्गीकरण उभे होते, ती खूण नात्याची नसून गरजेची निघाली. सह्याद्रीतल्या दगडांवर दिवसा फिरणाऱ्या, गोल बाहुलीच्या लहानशा पाली निमॅस्पिस या प्रजातीत मोडतात. आफ्रिकेतल्या आणि आग्नेय आशियातल्या तशाच पालींनाही फार वर्षे हेच नाव होते. जनुके तपासल्यावर हे तीन वेगवेगळे वंश निघाले. सारखेपणा आहे तो दगडावर दिवसा जगण्याचा.

आता मूळ स्थानाकडे. प्राणी कुठे सापडतो, त्याचे नाव कुठल्या नमुन्यावरून ठेवले, आणि त्याचा वंश कुठून आला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. टिपणात ते एकत्र झाले आहेत. इंदूरच्या घराघरांत ट्यूबलाइटमागे बसणारी पिवळट पोटाची मोठी पाल हेमिडॅक्टिलस फ्लॅविविरिडिस हिचेच पाहा. तिला शास्त्रीय नाव मिळाले १८३५ साली, रुपेल या जर्मन निसर्गअभ्यासकाकडून, आणि नमुना होता तांबड्या समुद्रावरच्या मासावा बंदरातला. आज तो भाग इरिट्रियात आहे. नुसत्या नावाच्या नोंदीवरून कोणी तिला आफ्रिकेची म्हणेल. पण रोहिणी बन्सल आणि प्रवीण कारंथ यांच्या २०१० च्या अभ्यासाने दाखवले की आशियातल्या या घरपालींचा उगम भारतीय उपखंडातला आहे. म्हणजे प्रवास उलट झाला. दगडाच्या फटीत राहणारा वंश घरांच्या भिंतींना सरावला आणि माणसाच्या सामानाबरोबर इथून बाहेर पडला.

हे कसे घडू शकते याचे उत्तर अंड्यात आहे. गेकोनिडी कुळातली पाल एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. घालताना कवच मऊ आणि चिकट असते. ते फटीला किंवा फळकुटाला चिकटते आणि थोड्या वेळात चुन्यासारखे कडक होते. असे अंडे कोरड्या हवेत तग धरते, आणि लाकडी पेटीच्या सांध्यात चिकटून जहाजाबरोबर कुठेही जाते. सॅमोफिलससारख्या सरड्याचे अंडे कातडीसारख्या मऊ कवचाचे असते. ते मातीत पुरावे लागते आणि ओल तुटली की आक्रसून मरते. म्हणून घरपाली बंदराबंदरांत पोचल्या आणि खडक-सरडे आपापल्या डोंगररांगा धरून राहिले. काफिल्यांबरोबर सगळे आले म्हणणाऱ्याने आधी अंडे पाहावे.

नावांतही असेच घोळ साठलेले आहेत. जुन्या यादीत मध्य भारताची ठिपकेदार खडकपाल सरसकट हेमिडॅक्टिलस ब्रुकाय म्हणून लिहिलेली सापडते. ते नाव १८४५ साली बोर्नियोच्या नमुन्यांना दिलेले. गेल्या पंधरा वर्षांत हा गठ्ठा सुटत गेला, आणि आपल्याकडच्या पालींना ग्लेडोवाय, मुरायी, पार्विमॅक्युलॅटस अशी स्वतंत्र नावे पुन्हा लागू झाली. २०१७ साली सातपुड्यातूनच एक नवी खडकपाल नोंदली गेली. तिचे नाव हेमिडॅक्टिलस चिपकली, आपल्या रोजच्या हिंदी शब्दावरूनच. शाळांनी जुन्या याद्या तशाच उतरवू नयेत ते याचसाठी.

अरबस्तानाच्या दाव्यात थोडे तथ्य फक्त एका गटापुरते आहे. लॅसर्टिडी कुळाचे मुख्य घर आफ्रिका आणि युरोप-आशिया. त्यातली ऑफिसॉप्स ही प्रजाती भूमध्य समुद्रापासून भारतापर्यंत पसरली आहे. बोटभर लांबीच्या या सरड्याला पापणी मिटता येत नाही. खालची पापणी पारदर्शक होऊन सापासारखी डोळ्यावर बसलेली असते. यांचे पूर्वज वायव्येकडून उपखंडात आले, ते मात्र व्यापाऱ्यांबरोबर नाही, माणूस अस्तित्वात यायच्या फार आधी. ईशान अग्रवाल आणि उमा रामकृष्णन यांचा २०१७ चा अभ्यास सांगतो की भारतात आल्यावर त्यांच्या जाती इतक्या वाढल्या की आपली गवताळ माळराने किती जुनी आहेत याचा तो पुरावाच ठरतो. इंदूरकरांसाठी विशेष म्हणजे यातली ऑफिसॉप्स जर्डोनी ही जाती एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५३ साली महूच्या नमुन्यावरून नोंदवली. आपल्या शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावरचे गाव या सरड्याच्या नावाचे मूळ ठिकाण आहे, आणि पुरवणीत त्याचा उल्लेखही नाही, याची हळहळ वाटते.

ड्रॅकोनिनी सरड्यांच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. भारताचा तुकडा मादागास्करपासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. हे सरडे त्या तुकड्यावर बसूनच आले, असे एक मत. ते आग्नेय आशियातून भारतात उतरले, असे दुसरे, आणि अलीकडच्या अभ्यासांचा कल याच बाजूला आहे. एवढे मात्र नक्की की माळव्याचा काळा खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा. त्यावर आज जे जे राहते, ते लाव्हा थंड झाल्यावर आजूबाजूच्या जुन्या खडकांतून येऊन वसले. खडकाचे वय आणि सरड्याच्या वंशाचे वय हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत.

चित्रातल्या प्राण्याबद्दल. छापील चित्रातही त्याच्या डोळ्यावर पापणीची फिकट कड स्पष्ट दिसते. घरपालीला पापणी नसते, ती जिभेने डोळा पुसते. पापणी मिटणारी, बोटांना चिकट गाद्या नसलेली, गाजरासारख्या जाड शेपटीची ही बिबट्या पाल, युब्लेफॅरिस. हिच्या शेपटीत चरबी साठते आणि उन्हाळ्याच्या वाईट दिवसांत तीच पुरते. ही प्रजाती पश्चिम आशियापासून पूर्व भारतापर्यंत आहे. सातपुड्यातली युब्लेफॅरिस सातपुरेन्सिस २०१४ साली झीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी वेगळी जाती म्हणून नोंदवली. त्याआधी पुष्कळ ठिकाणी तिला पश्चिम भारतातली फस्कस समजले जाई. नुसत्या चित्रावरून या दोघींत निवाडा करू नये. फोटो नर्मदेच्या कुठल्या काठावरचा, कुठल्या डोंगरावरचा, हे चित्राखाली हवे होते.

आणि ही पाल विषारी नाही. चावून माणसाला विषबाधा होईल अशी एकही पाल किंवा सरडा भारतात नाही. ही भीती पोसली जाते शब्दांनी. माळव्यात ‘गोहरा’ किंवा ‘बिसखापर’ म्हणतात ते कधी घोरपडीच्या पट्टेदार पिल्लाला, कधी बिबट्या पालीला. महाराष्ट्रातून आलेला माणूस ‘घोयरा’ म्हणतो तो मात्र डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा शॅमेलिऑन. ‘गिरगिट’ म्हटले की हिंदीत बागेतला सरडाही आला आणि शॅमेलिऑनही. चार प्राणी, चार शब्द आणि एक अफवा, एवढ्यावर पिल्ले काठीने मारली जातात. घोरपड तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तंत्रमंत्राच्या सामानात ‘हत्थाजोडी’ म्हणून जी दुर्मिळ मुळी विकली जाते, ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननांग असते. देव्हाऱ्यात ते ठेवणाऱ्या श्रद्धाळू घरांना हे कोणी सांगतच नाही. वर्तमानपत्राने सांगावे.

वाचकांकडून फोटो मागवण्याचा आपला विचार पुरवणीत दिसला. तो स्तुत्य आहे, म्हणून काही सूचना. एका प्राण्याचे किमान पाच फोटो हवेत: वरून पूर्ण अंग, बाजूने डोके आणि कानाचे छिद्र, हनुवटीचा खालचा भाग, बोटे, आणि मांड्यांची खालची बाजू. शेवटचे दोन अवघड वाटतात, पण पालीच्या बाबतीत खिडकीची काच हे काम फुकट करते. पावसाळ्यात दिव्याखालच्या तावदानावर पाल बसली की घराच्या आतून तिचे पोट दिसते. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या दिसल्या की प्रजाती हेमिडॅक्टिलस. नराच्या मांडीवर रंध्रांची बारीक टिंबे असतात. एकेका मांडीवर ५ ते ७ टिंबे आणि मध्ये मोठी मोकळी जागा असेल तर फ्लॅविविरिडिस. बारा किंवा जास्त असतील तर झाडांच्या सालींवर राहणारी लेशेनॉल्टाय. दोन्ही मांड्यांवरून सलग तिसाच्या आसपास रांग गेली असेल तर फ्रेनॅटस, तीच ती रात्री चुकचुकणारी. मादीत ही रंध्रे नसतात, त्यामुळे टिंबे दिसली नाहीत म्हणून नवी जाती सापडली असे समजू नये.

फोटोवरून ओळख चुकण्याची कारणे ठरलेली आहेत. पुन्हा उगवलेली शेपटी गुळगुळीत असते, तिच्यावर मूळचे काटे आणि पट्टे येत नाहीत. ओळखीत तिचा उपयोग करू नये. कात टाकायच्या आधी रंग दुधाळ होतो. थंड सकाळी सरडा काळपट, अकराच्या उन्हात फिकट. पिल्लांचे पट्टे मोठेपणी ठिपके होतात. आणि सर्वांत फसवे म्हणजे ठिकाण: बांधकामाच्या दगडाबरोबर, फरशीच्या गाड्यांतून पाली आणि त्यांची अंडी शेकडो मैल येतात. म्हणून कॉलनीतल्या नव्या दगडी कुंपणावर वेगळी पाल दिसली तर दगड कुठून आणला हेही लिहावे.

दगड उलटून शोधू नये, हे ठळक छापावे. माळव्यातला बेसॉल्ट झिजतो तो कांद्यासारखा, गोल दगडावर पापुद्रे सुटतात. दगड आणि पापुद्रा यांच्यामधल्या बोटभर फटीत ओल आणि गारवा टिकतो, तिथेच अंडी असतात. पापुद्रा एकदा उचकटला की परत तसा बसत नाही. फट उघडी पडते, ओल उडते, आणि ती जागा पालीच्या कामाची राहत नाही. रालामंडल, जानापाव, पातालपाणी किंवा चोरलच्या बाजूला गेलात तर सकाळी नऊ ते अकरा दगडांचे माथे दुरून पाहा. रात्रीच्या पालींसाठी विजेरी थेट डोळ्यांत न मारता दगडावर आडवी धरा. हात लावायचे काहीच कारण नाही.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर चित्राखालची ओळ अशी असावी: ‘बिबट्या पाल. कुळ युब्लेफॅरिडी, प्रजाती युब्लेफॅरिस. बिनविषारी, निशाचर.’ आणि त्यापुढे फोटो काढल्याचे ठिकाण, तालुक्यासह.

आपले,
सरपटणाऱ्या प्राण्यांचे काही निरीक्षक, इंदूर